पैलथडीचे पीठ

श्री. प्रथम नमस्कार अन्नाला, मग ते पिकविणाऱ्या भुईला, मग ते रांधणाऱ्या हाताला, आणि उरलासुरला राजेलोकांना, की ते हे तिन्ही विसरतात म्हणोनच बखरी लिहाव्या लागतात. शके सोळाशे वीस, बहुधान्य नाम संवत्सर, चैत्र मास, ते समयी ऐलथडीच्या राज्यात जे वर्तमान जाहले ते पाहिल्या-ऐकिल्याप्रमाणे लिहितो. पदरचे तिखटमीठ लागले असेल तर ते चवीपुरतेच.

ऐलथडी म्हणजे नदीच्या अलीकडचे राज्य आणि पैलथडी म्हणजे पलीकडचे. ऐलथडीची भुई काळी, शाळू असा पिके की कणसांच्या भाराने ताटे वाकत. आणि पैलथडीची भुई खडकाळ, दाणा बेताचा, पण डोंगरावरून पाणी बारमाही उतरे आणि त्या पाण्यावर त्यांनी पाणचक्क्या बसविल्या होत्या. दोन्ही राज्यांत पिढीजात वैर, आणि वैराचे मूळ उताराची गढी. नदी पायी ओलांडण्याजोगी एकाच जागी, तिला उतार म्हणत, आणि त्या उतारावर आमची गढी, आत तीनशे शिबंदी. गढी ज्याची त्याचा नदीवर हुकूम, म्हणोन पैलकर तीन वेळा चालून आले आणि तिन्ही वेळा मार खाऊन गेले, आणि मग लढाई सोडून व्यापाराची बोलणी लाविते जाहले. आमच्या दरबारास वाटले, पैलकर नरमले. दरबारास असे पुष्कळ वाटत असते.

त्या व्यापाराचा तह घडवून आणिला तो गिरमाजीपंत कोठावळे यांनी. हे राज्याच्या धान्यकोठारांचे मुख्य, अंगाने किडकिडीत, बोलणे मोजके, आणि एकदा मनात घेतले की देवाने सांगितले तरी सोडणार नाहीत ऐसे गृहस्थ. पंतांच्या मातुश्री दळता दळता खांदा धरून बसल्या त्या त्याच दुखण्यात गेल्या, हे पंतांनी धाकटेपणी डोळ्यांनी पाहिले होते, आणि जात्याची घरघर कानी पडली की त्यांस अन्न गोड लागत नसे. म्हणोन तह असा केला की आमचा दाणा नावांतून पलीकडे जावा, तिकडे चक्कीवर दळावा, आणि पीठ होऊन अलीकडे यावा, दळणाबद्दल सोळावा हिस्सा पैलकरांनी ठेवून घ्यावा. पहिली पिठाची नाव लागली ते दिवशी शहरच्या बायांनी नावेची ओटी भरली, आणि पंतांवरून भाकरीचे तुकडे ओवाळून टाकिले. यात खोटे काही नव्हते. बायका पहाटेच्या दोन घटका अधिक निजू लागल्या, हे पुण्याचेच काम जाहले. पण पैलकर पीठ द्यायचे थांबले तर काय करावे, हा विचार पंतांनी केला नाही, आणि दुसऱ्या कोणी करावा तर दरबारात विचार करण्याची चाल नव्हती.

ऐशी बारा वर्षे गेली. जाते वापरून गुळगुळीत होते, मग छिन्नीने त्यावर बारीक खाचा पाडाव्या लागतात, त्यास टाकी लावणे म्हणतात; ते काम करणारे टकारी लोक गावोगाव फिरत असत, त्यांस कोणी विचारीना, आणि पैलकरांनी त्यांस आपल्या चक्क्यांवर मानाने बोलावून नेले. मग लग्नाची हळद दळायला टाकी लावलेले जाते मिळेना, तेव्हा उपाध्येबुवांनी तोड काढिली की जात्याच्या जागी सुपारी मांडावी, आणि लोक सुपारीला कुंकू वाहून पैलथडीची दळलेली हळद लावू लागले. जे घरात नसेल त्याच्या जागी सुपारी मांडून मोकळे व्हावे, ही विद्या आमच्याकडे मोठी. मग पावसाळ्यात महाराजांच्या पालखीचे भोई चिखलात रुतू लागले, तेव्हा कारभाऱ्यांनी घरोघरची निकामी जाती गोळा करून राजवाड्यापासून नदीपर्यंत फरसबंदी करावी ऐसे ठरविले. जात्याला पाय लावणे पाप, म्हणोन शास्त्रीबुवांस पुसिले. ते बोलिले, तोंड खाली आणि पाठ वर करून बसवा, पाठीला पाय लागल्यास दोष नाही. तेणेप्रमाणे हजारो जाती पालथी पडली आणि पालखी डुलत जाऊ लागली. त्या हुकमावर शिक्का गिरमाजीपंतांचाच होता.

आणि बहुधान्य संवत्सरी शाळूची रास खळ्यात मावेना ऐसे पीक आले, आणि गुढीपाडव्यास पैलकरांनी नावा पलीकडे बांधून ठेविल्या. दाणा गेला तो गेला, पीठ परत येईना. आठ दिवसांत घरोघरचे डबे खरवडून जाहले. कोठारे भरून उतू चालली आणि तव्यावर भाकरी नाही, ऐसे कोणत्या राज्यात ऐकिले नव्हते. लोकांनी उखळात कुटून कण्या शिजविल्या, फौजेने घुगऱ्या खाल्ल्या, आणि घुगऱ्यांनी फौजेची पोटे ऐशी बिघडली की सेनापती हैबतराव रणनवरे घोड्यावर मांड ठेवीत आणि लगेच उतरून झाडाआड जात. मग चैत्री पौर्णिमेस पैलथडीचे वकील त्रिमळ नाईक दरबारी आले. गृहस्थ गोरे, गोड, बोलताना हात चोळण्याची सवय.

वकील बोलिले, "महाराज, आमच्या चक्क्यांची डागडुजी चालली आहे. शिवाय नावाड्यांना भीती वाटते. उतारावर तुमची गढी, तुमची बंदुकीची माणसे. गढी आमच्या निगराणीत असती तर नावाड्यांना धीर राहिला असता, आणि पीठही वेळच्या वेळी पोचले असते."

महाराजांनी विचारिले, "म्हणजे गढी द्यावी म्हणता?"

"द्यावी असे मी कशाला म्हणेन? सांभाळायला घेतो म्हणतो."

सेनापती बोलिले, चालून जाऊ. आणि बोलता बोलताच पोट धरून बाहेर गेले. कारभारी बोलिले, गढीचे चिरे काही खाता येत नाहीत, देऊन टाकावी. कित्येकांनी माना डोलविल्या. तेव्हा गिरमाजीपंत पुढे येऊन उभे राहिले. बोलिले, "महाराज, ही चूक माझी. पीठ मी आणले, जाती मी पुरली. गढीच्या किल्ल्या माझ्या स्वाधीन कराव्या आणि एक महिना द्यावा. वैशाखी पौर्णिमेस गढीतल्या तीनशे माणसांच्या आणि शहरातल्या प्रत्येक चुलीच्या तव्यावर आपल्या पिठाची भाकरी नसेल, तर त्या किल्ल्या मी माझ्या हाताने नाईकांच्या हाती देईन. नाईकांनी हव्या त्या घरात शिरून तवा पाहावा."

वकिलांनी हात चोळले आणि मान्य केले. महिनाभर पाहुणचार घेणे त्यांस जड नव्हते, त्यांच्यापुरते पीठ त्यांनी आणिलेच होते.

मग पंतांनी किल्ल्यांचा जुडगा कमरेस बांधिला आणि दुसरे दिवशी फरसबंदी उकरावयास लाविली. जाती निघाली ती चिखलाने भरलेली, वरची तळी एकीकडे आणि खालची भलतीकडे, मधली लोखंडी खीळ गंजून गेलेली, खुंटे तर सरपणात कधीच जळालेले. सुतारांनी खुंटे केले, लोहारांनी खिळी घडविल्या, पण तळ्या गुळगुळीत, दाणा वैरला तर तो तसाच फिरून बाहेर येई. टाकी लावणारा पाहिजे. पंत बारा गावे हिंडले. प्रत्येक गावी एकच उत्तर, टकारी पलीकडे गेले. तेराव्या गावी वेशीबाहेर एक म्हातारी आढळली, नाव चिमाई, साठी उलटलेली, आणि ओसरीवर पाटावरवंट्याला टाकी लावीत बसलेली. पंतांनी वर्तमान सांगितले. तिने हातचे काम पुरे होईपर्यंत वर पाहिले नाही.

मग बोलली, "आता आलासा व्हय. बारा वरसं आमच्या चुलीला लाकूड न्हवतं तवा कुनी इचारलं न्हाई. माझा ल्योक पल्याड गेला. सून गेली, नातवंडं गेली. मला म्हनली, चल. म्या न्हाई गेले."

पंत बोलिले, "का गेला नाहीत?"

"ह्या मातीतल्या जात्यास्नी म्या टाकी लावल्याली हाय. त्येस्नी सोडून कुठं जाऊ?"

पंतांनी पागोटे काढून तिच्यापुढे ठेविले. म्हातारीने ते उचलून त्यांच्याच गुडघ्यावर ठेविले आणि बोलली, "डोईवर घाला, ऊन लागंल. एकटीनं एवढ्या जात्यास्नी टाकी लावायची तर माझं मढं व्हईल. पन्नास हात द्या, शिकवते. आनि म्या सांगंन तसं वागायचं, मधी शहाणपन न्हाई करायचं."

येणेप्रमाणे चिमाई शहरात आली, आणि चौकात मांडव घालून सोनार, सुतार, कासार, ज्याचा हात थरथरत नाही तो, ऐसे पन्नास जण तिच्यापुढे बसले, आणि दिवसभर ठकठक ठकठक ऐसा नाद होऊ लागला. हात चुकला की ती छिन्नीच्या दांड्याने बोटावर मारी, मग तो सरकारी सोनार का असेना. तिने पहिल्या दिवशीच सांगून ठेविले होते की नव्याने टाकी लावलेल्या जात्यावरचे पहिले दोन घाणे गुरांना घालावे, त्यात दगडाची कच असते. पण पंतांस दिवसांची घाई. आठवे दिवशी पहिले जाते फिरले आणि पीठ पडले, ते पाहून त्यांचे भान गेले, आणि ते पीठ तसेच मुदपाकखान्यात पाठवून त्याची भाकरी महाराजांच्या आणि वकिलांच्या ताटात वाढविली. महाराजांनी पहिला घास चावला तो कडकन आवाज जाहला आणि दाढेचा तुकडा तळहातावर आला. वकिलांनी घास हलकेच काढून ताटाकडेला ठेविला आणि बोलिले, "खुसखुशीत आहे." सारा दरबार हसला. पंत थेट मांडवात येऊन चिमाईस बोलिले, "मी शहाणपण केले." ती बोलली, "कळलं न्हवं? मंग खडं काढत बसू नगा, कामाला लागा." पंत लागले.

ऐशी पंधरा दिवसांत सातशे जाती तयार जाहली. गंगेत घोडे न्हाले ऐसे पंतांस वाटले, आणि तिथेच दुसरी अडचण उभी राहिली, की तिचा विचार त्यांनी याही वेळी केला नव्हता. जाती घरोघर पाठविली, आणि घरोघर ती अंगणात तशीच पडून राहिली. बायका हात लावीनात. पंत रागारागाने घरी आले तो त्यांच्याच अंगणात जाते पालथे, आणि कुटुंब उमाबाई ओसरीवर तांदूळ निवडीत बसलेल्या.

पंत बोलिले, "राज्यावर वेळ आली आहे आणि तुम्ही अशा बसून राहता?"

उमाबाईंनी सूप खाली ठेविले. बोलल्या, "इकडून जाती नेली तेव्हा आम्हांला विचारणे झाले नाही. चांगले केले म्हणून आम्ही बोललो नाही. आता परत आणली तेव्हाही विचारणे झाले नाही. सासूबाईंचा खांदा इकडून पाहिला आहे. माझाही पाहायचा आहे का?"

पंतांनी ते जाते उताणे केले, सोवळ्याचा पंचा कमरेस गुंडाळिला, आणि मांडी घालून स्वतः दळावयास बसले. दाणे वैरावे कसे ठाऊक नाही, ओंजळभर एकदम घातले, जाते अडले. मूठ मूठ घातले, फिरले. घटकाभरात तळहाताला फोड आले, दोन घटकांत फुटले. उमाबाई पाहात होत्या, उठून आत गेल्या नाहीत. दुसरे दिवशी पंतांनी तेच जाते उचलून चौकात नेले आणि भर बाजारात दळू लागले. लोक हसावयास जमले. कारभारी पालखीतून जाताना बोलिले, "पंत, नथ घालावयाची राहिली." पंत बोलिले, "पीठ झाले की घालतो," आणि हात थांबविला नाही. माणूस लाजेपलीकडे गेला म्हणजे त्याला अडविणे कठीण.

तिसरे दिवशी गढीचे चार शिपाई रजेवर आले होते ते हे पाहून उभे राहिले, आणि त्यांतला एक, येल्लाप्पा नावाचा, बोलिला, "पंत, गढी आमची, आनि फोड तुमच्या हाताला?" आणि समोर बसून खुंटा धरता जाहला. मग दुसरा बसला, मग निरोप गढीस गेला, आणि पंतांनी शंभर जाती गढीस पाठवून दिली. सेनापतींस हे कळले तेव्हा ते तणतणत गढीत आले, की तलवारीचा हात खुंट्याला लावाल तर फौजेची अब्रू काय राहील. येल्लाप्पा बोलिला, "सरकार, घुगऱ्या खाऊन अब्रू ऱ्हायली व्हय?" सेनापतींनी मिशी चावली, जोडे काढिले आणि जात्यापुढे मांडी घातली. शिपायांस दळणाच्या ओव्या कोठून येणार. ते दांडपट्ट्याच्या तालमीचे बोलच म्हणत, हां उचल, हां फिरव, हां काप, आणि त्या तालावर गढीत जाती ऐशी फिरू लागली की पैलथडीच्या चौकीवरच्या लोकांस वाटले, तोफा ओढताहेत.

गढीचे काम ऐसे मार्गी लागले. पण पौर्णिमेस पाच दिवस उरले आणि शहरातली सहाशे जाती अजून अंगणात. पंतांचे गाल खोल गेले, हात चिंध्यांनी बांधलेले, कमरेचा जुडगा चालताना वाजे तो त्यांस असह्य जाहला. त्या दिवशी चौकात उमाबाई आल्या, आणि त्यांच्यामागून शहराच्या बाया, ब्राह्मण, मराठे, साळी, कोष्टी, ऐशा दोनशेवर. उमाबाई सर्वांसमक्ष बोलल्या, "आम्ही दळू. पण कागद पाहिजे. घरात एक दिवस बाईने दळावे, एक दिवस पुरुषाने. घर झोपडीचे असो की वाड्याचे. महाराजांचा शिक्का पाहिजे, आणि पहिली पाळी महाराजांची."

पंत तो मजकूर घेऊन तसेच राजवाड्यात गेले. महाराज दाढ दुखत असल्याने आधीच चिडलेले. बोलिले, "पंत, तुम्ही माझी दाढ घेतलीत, रस्ता घेतलात, आता हात मागता?" पंत बोलिले, "महाराज, नाहीतर गढी जाईल. आणि ती माझ्या हाताने द्यावी लागेल, ते मला होणार नाही." हे बोलताना ते रडले. बारा वर्षांत कोणी त्यांस रडताना पाहिले नव्हते. महाराजांनी त्या चिंध्या बांधलेल्या हातांकडे पाहिले आणि शिक्का आणविला.

वैशाखी पौर्णिमेस वकील त्रिमळ नाईक तवे पाहावयास निघाले. बरोबर पंत, कमरेस किल्ल्या. कोष्टीवाड्यात शिरले तो म्हातारा कोष्टी दळतो आहे आणि सून भाकरी थापते आहे. साळीवाड्यात तेच. उपाध्येबुवांच्या घरी डोकावले तो बुवा घामाघूम, जानवे खुंट्यात अडकलेले, आणि देवघरात सुपारी एकही नाही. वकिलांनी मुद्दाम आडबाजूची घरे निवडिली, तीस घरे पाहिली, तीसही तव्यांवर भाकरी. गढीत जाऊन तीनशे पाने पाहिली. मग हात चोळणे थांबले. शेवटी राजवाड्यात आले, की महाराजांस एकांती काही सांगावे. तो सदरेवर जाजमावर जाते मांडलेले, एका बाजूस महाराज, समोर सेनापती, आणि बाजूला चिमाई उकिडवी बसून महाराजांस सांगते आहे, "दोन्ही हातांनी न्हाई वो, एकानं फिरवा, दुसऱ्यानं वैरा."

वकील खाली बसले. गोड आवाजात बोलिले, "महाराज, आमच्या चक्क्यांची डागडुजी पुरी झाली. उद्यापासून नावा सोडतो. आणि झालेल्या त्रासाबद्दल दळणाचा हिस्साही निम्मा करतो. आपण राजे, आपणांस हे शोभत नाही."

कारभाऱ्यांचे डोळे चकाकले. पंतांनी कमरेचा जुडगा मुठीत धरिला, कारण जी गढी घुगऱ्यांनी गेली नव्हती ती या निम्म्या हिश्श्याने जाणार, हे त्यांस आता कळत होते आणि महाराजांस कळते की नाही हे कळत नव्हते. महाराजांनी मूठभर शाळू वैरला आणि हात न थांबविता बोलिले, "पाठवा की. लाडवाला बारीक पीठ लागतेच, सणासुदीला होईल. रोजच्या भाकरीचे आमचे आम्ही पाहतो."

वकील उठले, मुजरा केला आणि त्याच दिवशी नदी उतरून गेले. पंत गढीस गेले आणि जुडगा सोडून किल्लेदाराच्या हाती दिला. बोटे वळत नव्हती म्हणोन गाठ किल्लेदारानेच सोडिली. मग येल्लाप्पाने भाकरी दिली, जाडीभरडी, कडेला करपलेली. पंत तटावर बसून ती नदीकडे पाहात सबंध खाते जाहले.

त्याउपरी चिमाईस महाराजांनी जमीन देऊ केली; ती बोलली, जमीन नको, पल्याड निरोप धाडा की हिकडं काम हाय. पुढल्या वर्षी तिचा लेक आला, आणखी अकरा घरे आली, बाकीची तिकडेच राहिली. नावा चालू जाहल्या, पिठाचा व्यापार जाहला, बोलणेचालणे जाहले, लग्नसंबंधही जाहले, आणि गढी जेथे होती तेथेच राहिली.

सारांश इतकाच, की शेजाऱ्याशी देणेघेणे असावे, पण चुलीवरचा तवा त्याच्या मर्जीवर ठेवू नये. हे लिहावयाचे कारण, यंदा दरबारात एक तरुण कारभारी बोलू लागला आहे की पैलथडीचे पीठ इतके स्वस्त असता हाताला फोड कशाला. पंत वारले, उमाबाई वारल्या, त्यास उत्तर देणारे कोणी उरले नाही, म्हणोन आम्ही दिले. आणखी लिहिले असते, परंतु आज घरात दळणाची पाळी आमची आहे. सबब लेखणी येथे ठेविली.